गुगल अर्थवर रोज गाव दिसतं, मग अंतराळवीरांना वेगळं काय दिसतं?

प्रश्न असा आहे: "मी शहादा तालुक्यातली, अकरावी सायन्सला आहे. वरून पृथ्वी पाहिली की माणूस आतून हलतो, असं अंतराळवीर सांगतात. पण मी गुगल अर्थवर प्रकाशाजवळचं आमचं गाव रोज पाहते. आमच्या घराचे पत्रेसुद्धा दिसतात. मला तसं काहीच होत नाही. मग त्यांना असं वेगळं काय दिसतं? आणि आपला खानदेश वरून ओळखू येतो का?"

बेटा, तुझा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो. उपग्रहचित्रं वाचणं हे माझं रोजचं काम. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत विहिरींना पाणी कुठे लागेल, बंधारा कुठे घातला तर जिरेल, हे ठरवण्यासाठी बरीच वर्षं ही चित्रं पाहतो आहे. शिवाय संध्याकाळी शाळांच्या गच्चीवर मुलांना आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, म्हणजे अंतराळवीर राहतात ते, आकाशातून जाताना दाखवण्याचाही नाद आहे. त्यामुळे तू विचारलेल्या दोन्ही बाजू मला थोड्या ठाऊक आहेत. वर गेलेलो मात्र नाही. त्यामुळे खिडकीतून दिसणाऱ्या गोष्टींबद्दल जे सांगतो ते अंतराळवीरांनी काढलेल्या फोटोंवरून, त्यांच्या सांगण्यावरून आणि साध्या भूमितीवरून.

तुझ्या प्रश्नात एक गृहीत दडलं आहे. जास्त बारकाईने दिसलं की जास्त नवल वाटायला हवं, असं. बारकाई बघायची तर तुझा मोबाईल अंतराळवीराला केव्हाच हरवतो. स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर असतं. जळगावहून मुंबईला रेल्वेने जातो तेवढं अंतर, फक्त सरळ वर. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक कळतो. एवढ्या उंचीवरून त्याचा हिशेब केला तर १०० ते १२० मीटरपेक्षा लहान वस्तू सुटी दिसत नाही. म्हणजे तुमचे पत्रे सोड, तुमची गल्लीही नाही. शहादा एक करडा ठिपका, प्रकाशा आणि सारंगखेड्याच्या बॅरेजमागे फुगलेली तापी एक पट्टी, उकाईचा जलाशय अगदी ठळक. लांबलचक आणि आजूबाजूपेक्षा वेगळ्या रंगाच्या गोष्टी मात्र बारीक असूनही उमटतात, म्हणून काळ्या जमिनीतून गेलेला रस्ता कधी दिसतो आणि चीनची भिंत, जी आसपासच्या मातीच्याच रंगाची आहे, ती दिसत नाही. २००३ मध्ये चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई परत आला तेव्हा त्यानेही ती दिसली नसल्याचं सांगितलं होतं. लांब भिंगाचा कॅमेरा लावला की काही मीटरच्या वस्तूही सापडतात, पण तो कॅमेऱ्याचा पराक्रम झाला.

मग नवल कशाचं? माझं उत्तर असं आहे की तू जो नकाशा पाहतेस त्यातून आम्ही लोकांनी नवल वाटण्यासारखं सगळं आधीच काढून टाकलेलं असतं. मुद्दाम, कामाची सोय म्हणून. कसं ते सांगतो.

समजा मला साक्री तालुक्याचं चित्र हवं आहे. पहिली गोष्ट म्हणजे ढग नकोत. म्हणून मी जून ते सप्टेंबरच्या तारखांकडे फिरकतच नाही, दिवाळीनंतरचं एखादं स्वच्छ चित्र निवडतो. तरी एखादा ढग राहिलाच तर संगणकाला सांगून तो आणि त्याची सावली पुसून टाकतो, आणि त्या जागी दुसऱ्या तारखेचा तुकडा बसवतो. मग येतो हवेचा प्रश्न. उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशात हवेने विखुरलेला निळसर उजेड मिसळलेला असतो. पिकाचा, मातीचा खरा रंग हवा असेल तर तो हिशेबाने वजा करावा लागतो. पाण्यावर सूर्य चमकून चित्र पांढरं पडलं असेल तर तेही बाद. शेवटी तालुक्याची सीमा टाकून बाहेरचं सगळं कापून टाकायचं. उरतं ते शांत, सपाट, स्वच्छ चित्र. मला त्यातून पाणी शोधायचं असतं, म्हणून ते उत्तम असतं. गुगल अर्थचं चित्रही बहुतेक असंच, वेगवेगळ्या तारखांचे निरभ्र तुकडे जोडून केलेलं असतं.

आता यादी बघ: ढग गेले, हवा गेली, पाण्याची चमक गेली, कडा गेली, वेळ गेली. अंतराळवीर परत आल्यावर नेमकं याच गोष्टींबद्दल बोलतात.

ढगांपासून सुरू करतो, कारण खानदेशात राहणाऱ्याला ढगांचं महत्त्व वेगळं सांगायला नको. अंतराळ स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांनी कललेली आहे, त्यामुळे आपल्या डोक्यावरून ते एक तर नैऋत्येकडून ईशान्येकडे जातं किंवा वायव्येकडून आग्नेयेकडे. पहिल्या प्रकारची एक फेरी मनात धर, महिना जुलैचा, वेळ दुपारची. खाली अरबी समुद्र, त्यावर ढगांच्या रांगाच्या रांगा किनाऱ्याकडे निघालेल्या. रायगडचा किनारा येतो आणि सह्याद्रीपाशी ते ढग एकावर एक चढून घट्ट पांढरे होतात. घाट ओलांडला की लगेच ते विरळ होतात, मधे तपकिरी-हिरवी जमीन डोकावते. ही पर्जन्यछाया, पाचवी-सहावीपासून आपण जिची व्याख्या पाठ करतो ती. मग अजिंठ्याची रांग, तापीचं खोरं, सातपुडा, नर्मदा. पुढे गंगेचं मैदान आणि हिमालयाला जाऊन टेकलेले ढग. जमिनीवरून मोजलं तर स्थानक सेकंदाला साधारण सात किलोमीटर सरकतं. किनाऱ्यापासून आपल्यापर्यंत यायला एक मिनिटही लागत नाही, आणि आपल्यापासून नेपाळच्या हिमालयापर्यंत अडीच मिनिटांच्या आसपास पुरतात. नवापूरपासून रावेरपर्यंत अख्खा खानदेश आडवा ओलांडायचा म्हटला तरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास.

विचार कर, नवापूरला भात का पिकतो आणि शिंदखेड्याला टँकर का लागतो, याचं कारण एका नजरेत समोर. आपण जमिनीवर आपल्या वाट्याचा पाऊस पाहतो. आला, नाही आला, एवढंच आपल्याला कळतं. वर बसलेल्याला समुद्रापासून डोंगरापर्यंतची सगळी हालचाल एकत्र दिसते. माझ्या स्वच्छ चित्रात ती दिसूच शकत नाही, कारण ढग आला की चित्र वाया गेलं असं आम्ही म्हणतो. पावसाळ्यात तर कित्येक दिवस स्थानकातूनही खानदेशाची जमीन दिसत नाही, नुसते ढग दिसतात. ते पाहणाऱ्याला 'आज खानदेश दिसला नाही' असं वाटत असेल. मला विचारशील तर त्याला त्या दिवशी खानदेशाचं पुढच्या वर्षभराचं जगणं दिसलं.

हवेचं त्याहून मोठं आहे. सरळ खाली पाहिलं तर हवा कळत नाही. पण खिडकीतून क्षितिजाकडे पाहिलं की पृथ्वीच्या कडेवर एक निळी रेघ दिसते, आणि ती इतकी बारीक असते की पहिल्यांदा पाहणारे बहुतेक जण तिच्याबद्दल बोलतात. आकडे सांगतो. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर. हवेचा निम्मा भार जमिनीपासून साडेपाच किलोमीटरच्या आत, आणि जवळपास तीन चतुर्थांश भार ११ किलोमीटरच्या आत. ज्याला आपण अफाट आभाळ म्हणतो, ज्यात आपला सगळा मान्सून, सगळी गारपीट, सगळं ऊन घडतं, ते एवढंच. पुस्तकात हे आकडे मीही वाचले होते, तूही वाचशील. पण रेघेच्या एका बाजूला झळझळीत पृथ्वी आणि दुसऱ्या बाजूला लगेच काळं कुट्ट, असं प्रत्यक्ष दिसलं की आकड्याचं काम संपतं. दिवसा वर आकाश काळं असतं आणि तरी चांदण्या दिसत नाहीत, कारण खालच्या लखलखाटाने डोळा दिपलेला असतो. म्हणजे भर उन्हात काळोखावर ती एकटी निळी रेघ. आम्ही चित्रातून हीच हवा 'दोष' म्हणून वजा करतो. काम तसंच आहे, त्याला इलाज नाही, पण त्यामुळे तुझ्या पडद्यावर पृथ्वीला हवाच नसते, हे लक्षात ठेव.

आता उजेड. ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शेती-पाण्यासाठी वापरले जाणारे बहुतेक उपग्रह अशा कक्षेत ठेवतात की ते कुठल्याही जागेवरून दर वेळी साधारण त्याच घटकेला जावेत. आपले आयआरएस मालिकेतले उपग्रह घे किंवा युरोपचे सेंटिनेल-२ घे, सकाळी साडेदहाच्या सुमारास येतात. वेगवेगळ्या दिवसांची चित्रं एकमेकांशी ताडून बघायची तर ऊन सारखं हवं, म्हणून ही सोय. पण याचा अर्थ असा की माझ्या संगणकातला खानदेश कायम साडेदहाच्या उन्हात उभा आहे. त्याला पहाट नाही, तिन्हीसांज नाही. स्थानकाला असं बंधन नाही. ते कधी सकाळी येतं, कधी दुपारी, कधी मध्यरात्री.

तिरप्या उन्हाने काय फरक पडतो? नंदुरबार-धुळ्याकडे, विशेषतः साक्रीच्या बाजूला, काळ्या दगडाच्या लांबच लांब उभ्या भिंती जमिनीतून वर आलेल्या तू पाहिल्या असशील. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला, त्या काळात भेगांमध्ये घुसून थिजलेला हा खडक. आजूबाजूचा मऊ भाग झिजला, हा टिकला. बहुतेक डाइक पूर्व-पश्चिम, तापीला जवळपास समांतर धावतात आणि काही तर कित्येक किलोमीटर न तुटता जातात. आमच्या धंद्यात यांना फार मान, कारण अनेक ठिकाणी जमिनीखालून वाहणारं पाणी डाइकला अडतं. एका अंगाच्या विहिरीला पाणी, दुसऱ्या अंगाला खडखडाट. एप्रिलच्या चित्रात काळी रेघ आणि तिच्या एकाच बाजूला हिरवळ दिसली की मी तिथे गाडी काढतो. साडेदहाच्या उन्हात या रेघा शोधाव्या लागतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, आणि तेव्हा दिवस उगवता-मावळता काढलेल्या फोटोत त्यांच्या सावल्या लांब पडून सगळा उंचसखलपणा उठून येतो. सातपुड्याच्या घड्या, अजिंठ्याच्या रांगेचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे, सगळं खोल दिसायला लागतं. जमीन सपाट कागद राहत नाही.

आणि पाण्याची चमक! सूर्य, पाणी आणि खिडकी योग्य कोनात आले की नद्या रुपेरी-सोनेरी होऊन पेटतात. स्थानक पुढे सरकतं तशी ती चमकही सरकते. तापी, मग तिला मिळणाऱ्या पांझरा, बोरी, गिरणा, वाघूर, मग हतनूरचा जलाशय, मधेच एखादं शेततळं क्षणभर लकाकून विझणार. एरवी मातीच्या रंगात हरवलेलं पाणीही त्या उजेडात उघडं पडतं. आम्ही असं चित्र टाकून देतो.

रंगाचंही सांगायला हवं. पिकं नीट ओळखता यावीत म्हणून आम्ही डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरून चित्र बनवतो, त्यात हिरवळ लाल दिसते. रावेर-यावल-चोपड्याचा केळीपट्टा माझ्या पडद्यावर गडद लाल असतो. अंतराळवीराला तो तुझ्या-माझ्यासारखाच हिरवा दिसतो, उन्हाळ्यात तपकिरी मुलखातला गर्द हिरवा पट्टा. आणि तो पट्टा रावेरला संपत नाही, सरळ बुऱ्हाणपूरकडे मध्य प्रदेशात जातो. जिल्ह्याची रेघ मी टाकतो, केळीला ती माहीत नसते.

इथे सीमांचा मुद्दा येतोच. भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्लांनी जून २०२५ मध्ये स्थानकावरून पंतप्रधानांशी बोलताना सांगितलं होतं की बाहेरून पृथ्वी एकसंध दिसते, कुठली सीमारेषा दिसत नाही, आणि भारत नकाशापेक्षा खूप भव्य दिसतो. दिवसाच्या बाबतीत हे खरंच आहे. पण रात्रीचं वेगळं असतं, आणि ते तुला माहीत असलेलं बरं. भारत-पाकिस्तान सीमेवर लावलेल्या दिव्यांची नारिंगी रेघ रात्री स्थानकातून स्पष्ट दिसते, तिचे फोटो प्रसिद्ध आहेत. त्यामुळे 'वरून सीमा दिसत नाहीत' हे वाक्य मी मुलांना सांगतो तेव्हा अर्धवट सोडत नाही. निसर्गाने काढलेली सीमा दिसत नाही. माणसाने दिवे लावून काढलेली दिसते. मला हे दोन्ही एकदम दिसणंच जास्त विचार करायला लावणारं वाटतं.

रात्रीच्या फेरीत खानदेश दिव्यांवरून ओळखू येतो. जळगाव आणि भुसावळ जवळजवळ, पश्चिमेला धुळे, मधून महामार्गालगतच्या गावांचे ठिपके, आणि उत्तरेला सातपुड्याचा काळा पट्टा. मे महिन्याच्या शेवटी वळवाचे ढग असतील तर विजा वरून दिसतात. कडकडाट नाही, एका ढगाच्या पोटात उजेड, मग शंभर किलोमीटरवर दुसऱ्यात.

आता 'कडा गेली' म्हणालो होतो, ते. एवढ्या उंचीवरून क्षितिज २,२०० किलोमीटरच्या आसपास असतं. स्थानक जळगाववर असेल तर एका बाजूला हिमालय आणि दुसऱ्या बाजूला श्रीलंका, दोन्ही नजरेच्या टप्प्यात. दूरचं फार तिरपं आणि धूसर, पण टप्प्यात. तरीही ही पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या साधारण ३ टक्केच झाली. पूर्ण गोळा स्थानकातून दिसत नाही. तो पाहायला खूप लांब जावं लागतं. अपोलो मोहिमांतून चंद्रापर्यंत गेलेल्या २४ जणांना तो दिसला. २४ डिसेंबर १९६८ ला बिल अँडर्स यांनी चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचा फोटो काढला, तो याच प्रवासांपैकी पहिल्यातला. म्हणून 'अंतराळातून पृथ्वी' असं कुणी म्हटलं की आधी विचारावं, किती अंतरावरून? युरी गागारिन १२ एप्रिल १९६१ ला १०८ मिनिटांत जाऊन आले. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये सल्यूत-७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर आठवडाभर होते आणि भारताच्या जमिनीचे फोटो काढणं हे त्यांच्या कामाचा भाग होतं. सुनीता विल्यम्स २०२४-२५ मध्ये नऊ महिन्यांहून जास्त राहिल्या. प्रत्येकाची खिडकी वेगळी, सवड वेगळी.

यावरूनच पुढचं. सगळ्यांना सारखा अनुभव येतो असं नाही. निम्म्याहून अधिक जणांना पहिले काही दिवस मळमळतं, डोकं जड होतं, अंगातलं पाणी वर सरकून चेहरा सुजतो. त्या अवस्थेत पृथ्वीचं कौतुक कुणाला सुचणार? शिवाय दिवस कामाने भरलेला असतो. हाडं-स्नायू झिजू नयेत म्हणून रोज दोन तासांच्या आसपास व्यायाम, बाकी प्रयोग आणि दुरुस्त्या. शुक्लांच्या प्रयोगांत मेथी आणि मूग अंकुरवणंही होतं. खिडकीशी जायला मिळतं ते उरलेल्या वेळात. २०१० मध्ये स्थानकाला 'क्युपोला' नावाची सात काचांची खोली जोडली गेली, मधली काच ८० सेंटिमीटरची, तोंड पृथ्वीकडे. तिच्यामुळे पुष्कळ फरक पडला. आणि माणसाचा स्वभाव असतोच. कुणी भारावतो, कुणी आनंदाने फोटो काढतो आणि झोपायला जातो. दोघेही खरंच सांगतात.

तरंगण्याचं थोडक्यात, कारण गच्चीवर हा प्रश्न हमखास येतो. तिथे गुरुत्वाकर्षण नसतं हे चूक. ४०० किलोमीटरवर ते जमिनीच्या जवळपास ९० टक्के असतं. स्थानक सतत पडत असतं, पण सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने पुढेही जात असतं. तेवढ्या वेळात पृथ्वीची गोलाईही तितकीच खाली वळते, म्हणून ते पडत राहतं आणि जमीन गाठत नाही. आतला माणूसही त्याच्यासोबत पडतो, म्हणून त्याला वजन जाणवत नाही. याचा पाहण्याशी संबंध असा की वर-खाली हा भावच उरत नाही. पृथ्वी कधी पायाशी, कधी डोक्यावर. नकाशा पाहताना तू खुर्चीत स्थिर असतेस आणि उत्तर दिशा वर असते. तिथे दोन्ही नाही, आणि दीड तासात एक फेरी, दिवसाला सोळा वेळा सूर्योदय.

तू विचारलं नाहीस, पण पुढचा प्रश्न हाच असतो: उपग्रह एवढं करतात तर माणूस पाठवायचा कशाला? माझ्या कामापुरतं विचारशील तर विहिरीची जागा शोधायला मला उपग्रहच हवा, अंतराळवीर नको. पण उपग्रह सांगितलं तेवढंच आणि ठरलेल्या कोनातून पाहतो. जून २००९ मध्ये कुरील बेटांवरचा सारिचेव ज्वालामुखी फुटला, तेव्हा स्थानक नेमकं तिथून जात होतं. आतल्या माणसांनी कॅमेरा उचलला आणि राखेचा स्तंभ ढग भेदून वर येताना तिरपा टिपला. कुणी सांगितलं नव्हतं. समोर काहीतरी विलक्षण आहे हे ओळखून हात पुढे गेला, एवढंच. हे ओळखणं मला मोलाचं वाटतं. आपल्या गगनयानातून जाणारे उद्या त्या खिडकीशी बसतील, तेव्हा ढगांची ती रांग पाहून 'हा आपला पाऊस' असं म्हणणारा माणूस तिथे असेल. अरबी समुद्रावरचे ढग लाखो चित्रांत आहेत, पण त्यांची वाट पाहत लहानपण काढलेल्याने ते वरून पाहणं निराळं.

आता तुला करण्यासारखं. आधी स्थानक डोळ्यांनी बघ. नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' सेवेवर किंवा 'हेवन्स अबव्ह' या संकेतस्थळावर शहाद्याचं ठिकाण टाक, म्हणजे कोणत्या दिवशी, कोणत्या दिशेने, किती उंचीवरून जाईल ते कळेल. संध्याकाळी अंधार पडल्यावर तासा-दीड तासात किंवा पहाटे तेवढाच वेळ आधी. दुर्बीण नको. चार-सहा मिनिटं एक न लुकलुकणारा, शुक्राइतका तेजस्वी ठिपका शांतपणे सरकतो. विमानासारखे लाल-हिरवे दिवे नसतात. आपल्याकडे अंधार आणि तिथे अजून ऊन, म्हणून तो चमकतो. संध्याकाळच्या फेरीत पुष्कळदा तो क्षितिजापर्यंत पोचतच नाही, आकाशातच तांबूस होत काही सेकंदांत विझतो. तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. तुझ्या डोळ्यांपुढे तो विझतो त्याच क्षणी आतला माणूस सूर्यास्त पाहत असतो. एका गच्चीवर एका लहान मुलाने मला अहिराणीत विचारलं होतं, "त्यास्ले आपन दिखतस का?" मी म्हटलं, आपण नाही, पण आपल्या गावचे दिवे दिसतात. त्याने लगेच हात हलवायचं सोडून घरातला दिवा लावायला धाव घेतली.

दुसरं, अंतराळवीरांनी काढलेले फोटो नासाच्या 'गेटवे टू अ‍ॅस्ट्रॉनॉट फोटोग्राफी ऑफ अर्थ' या संग्रहात फुकट पाहायला मिळतात. अक्षांश-रेखांश टाकून शोधता येतं. तुझ्यासाठी साधारण २१.५ उत्तर आणि ७४.४ पूर्व. सरळ खाली काढलेल्या फोटोंपेक्षा तिरपे, क्षितिज दिसणारे फोटो निवड. आधी उकाई शोध, तिथून पूर्वेकडे तापी धर, बॅरेजचं फुगलेलं पाणी लागेल, तिथे तुझं गाव. मग तीच जागा इस्रोच्या 'भुवन' या नकाशांच्या संकेतस्थळावर उघड आणि दोन्ही शेजारी ठेवून लिहून काढ की फोटोत काय आहे जे नकाशात नाही. ढगाळ फोटो आले तर बाजूला टाकू नकोस. जुलैचा एखादा मिळाला तर त्याची तारीख टिपून घे आणि त्या दिवशी शहाद्याला पाऊस किती झाला ते कृषी खात्याच्या नोंदीत बघ. जमलं तर इथेच कळव, फोटो कोणता ते सांग, मी माझ्याकडच्या त्याच आठवड्याच्या उपग्रहचित्राशी ताडून बघतो.